पांढरा सदरा कॅमेऱ्याला राखाडी का दिसतो

आषाढी वारीचे फोटो दरवर्षी अगणित काढले जातात आणि त्यांतल्या पुष्कळ फोटोंत एकच दोष आढळतो. धोतर, सदरा, टोपी असे सगळे पांढरे ल्यालेली दिंडी फोटोत मळकट दिसते आणि चेहरे काळवंडतात. त्याच कॅमेऱ्याने वेरूळच्या कैलास लेण्याचा फोटो जवळून, चौकटीत सगळा दगडच येईल असा काढला, तर उलटे होते. काळाकभिन्न बसाल्ट धुरकट होतो आणि कोपऱ्यात डोकावणारे आकाश जळून कोरे पांढरे उरते. फोटो काढणारा एकदा हवेला दोष देतो, एकदा कॅमेऱ्याला. कॅमेरा मात्र दोन्ही वेळा त्याला नेमून दिलेले काम चोख करत असतो. समोरच्या वस्तूवरून परत आलेला प्रकाश तो मोजतो आणि ती वस्तू मध्यम राखाडी आहे, तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश ती परत पाठवते, असे गृहीत धरतो. पांढरे कापड ८० टक्के किंवा त्याहून जास्त प्रकाश परत पाठवते. कॅमेऱ्याला वाटते, इथे प्रकाश फार आहे, आणि तो फोटो गडद करतो. काळा दगड जेमतेम पाच-दहा टक्के प्रकाश परत पाठवतो. कॅमेऱ्याला वाटते, इथे अंधार आहे, आणि तो फोटो उजळ करतो. किती प्रकाश आला हे त्याला कळते, पण तो कशावरून आला हे ठरवणे त्याच्या आवाक्यात नसते. ते ठरवायला कॅमेऱ्यामागे माणूस लागतो. फोटो शिकणाऱ्याने एक्स्पोजरचा, म्हणजे फोटो किती उजळ यावा याचा, विचार इथूनच सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. एक्स्पोजर हे कुठेतरी आधीच लिहून ठेवलेले बरोबर उत्तर नव्हे. तो निर्णय आहे आणि त्यातला पहिला भाग अ‍ॅपर्चरचा आहे.

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सच्या आतले लहानमोठे करता येणारे छिद्र. त्याचे आकडे पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकतात, कारण आकडा मोठा तर छिद्र लहान. एफ/२ म्हणजे मोठे भोक आणि एफ/१६ म्हणजे बारीक. हे उफराटे वाटते ते आपण त्याला साधा आकडा समजतो म्हणून. तो अपूर्णांक आहे. एफ म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ, आणि तिला त्या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटर व्यास आणि एफ/४ म्हणजे साडेबारा मिलिमीटर. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथा हिस्सा उरते, म्हणून एफ/२ वरून एफ/४ वर गेलो की प्रकाश चौपटीने घटतो. नेमका निम्मा प्रकाश हवा असेल तर दोनाला दोनाच्या वर्गमुळाने गुणावे लागते, म्हणजे २.८. यातून ती विचित्र वाटणारी माळ तयार होते : १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. प्रत्येक पुढच्या पायरीला प्रकाश निम्मा. या पायरीला स्टॉप म्हणतात. शटर किती वेळ उघडे राहते, त्या शटर स्पीडचेही तसेच आहे. १/१२५ सेकंदाऐवजी १/२५० घेतले की एक स्टॉप कमी. मिळालेली नोंद किती मोठी करायची ते ठरवणारा आयएसओ १०० चा २०० केला की एक स्टॉप उजळ. तिन्ही गोष्टी एकाच मापात मोजल्या जात असल्यामुळे एकीकडे सोडलेला स्टॉप दुसरीकडे भरून काढता येतो. भर उन्हात एफ/१६, १/१२५ आणि आयएसओ १०० असा जो फोटो येईल, तेवढाच उजळ फोटो एफ/८ आणि १/५०० वरही येईल.

उजळपणा तेवढाच असला, तरी फोटो तोच नसतो. एफ/१६ वरच्या फोटोत पुढच्या वारकऱ्याच्या वीणेपासून मागच्या डोंगरापर्यंत बहुतेक सगळे स्पष्ट असेल, पण त्याचे चालते पाऊल किंचित फरफटलेले दिसू शकेल. एफ/८ वर पाऊल गोठेल आणि डोंगर थोडा मऊ होईल. एफ/२ वर डोंगर ओळखूही येणार नाही. म्हणून अ‍ॅपर्चर हे प्रकाश कमीजास्त करायचे बटण समजून वापरणे चुकीचे आहे. उजळपणा कमीजास्त करायला शटर आणि आयएसओ आहेतच. चौकटीतले काय काय वाचता यावे, हे मात्र या तिघांपैकी अ‍ॅपर्चरखेरीज कुणी ठरवत नाही. स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याच्या खोलीला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, आणि ती किती असते याचा अंदाज नसल्याने फार फोटो वाया जातात. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावून दोन मीटरवरच्या गणपतीच्या तीन फुटी मूर्तीचा फोटो एफ/१.८ वर काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १७ सेंटिमीटर खोल असतो. कॅमेऱ्याने सोंडेवर फोकस धरला की डोळे मऊ पडतात आणि मागचे कान व मुकुट धूसर होतात. मूर्तिकाराने ज्या आखणीसाठी तासन्‌तास श्रम घेतले ती डोळ्यांची रेघच हरवते. तोच फोटो एफ/५.६ वर काढला की पट्टा ५० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि मूर्ती पूर्ण मिळते. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ वर दोन मीटरवरून वापरली तर हा पट्टा सहा सेंटिमीटरच राहतो. चेहरा जरा तिरका असेल तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा अस्पष्ट.

इथे आजच्या एका आवडीविषयी बोलणे भाग आहे. मागची पार्श्वभूमी विरघळून गेली की फोटो ‘प्रोफेशनल’ झाला, अशी समजूत पसरली आहे आणि महागडी, मोठ्या तोंडाची लेन्स घेतली की ती सतत उघडीच ठेवायची, असा रिवाज पडला आहे. एकट्या माणसाच्या चेहऱ्यामागे गर्दी, वायरी, फ्लेक्स असतील तर पार्श्वभूमी पुसणे योग्यच आहे. पण पंढरपूरच्या वाळवंटात उभ्या असलेल्या म्हातारीचा फोटो काढताना मागची चंद्रभागा पुसून टाकली, तर ती म्हातारी कुठेही उभी असू शकते. रायगडावर काढलेल्या फोटोत रायगडच नसेल, तर तिथवर चढून जाण्याचे प्रयोजन काय? पार्श्वभूमी हा फोटोतला पुरावा असतो. ती पुसायची की ठेवायची, हे फोटो काढण्यापूर्वी ठरवले पाहिजे, लेन्सच्या किमतीवरून नव्हे. अमेरिकेत १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या काही छायाचित्रकारांनी आपल्या गटाचे नावच एफ/६४ असे ठेवले होते. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम हे त्यातले. त्या काळी कलात्मक छायाचित्र मऊ आणि धूसर असावे अशी फॅशन होती. तिला उत्तर म्हणून त्यांनी मोठ्या निगेटिव्हच्या कॅमेऱ्यावरचे सर्वांत बारीक छिद्र निशाणासारखे उचलले. सगळे स्पष्ट दिसू द्या, हे त्यांचे म्हणणे होते.

पण म्हणून कुणी दुसऱ्या टोकाला जाऊ नये. छिद्र फार बारीक केले की प्रकाशलहरी त्याच्या कडेवर पसरतात आणि प्रत्येक बिंदूची लहानशी चकती होते. एफ/१६ वर ती चकती साधारण २१ मायक्रॉनची असते, आणि आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांचे पिक्सेल चार ते सहा मायक्रॉनचे असतात. एफ/२२ वर डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत स्पष्ट येईल, पण सगळाच किंचित बोथट. एफ/६४ गटाला हे चालून गेले, कारण त्यांच्या निगेटिव्ह हाताच्या पंजाहून मोठ्या असत आणि त्या फारशा वाढवाव्या लागत नसत. आपल्या सेन्सरला ते चालत नाही. निसर्गदृश्याला एफ/८ किंवा एफ/११ बहुधा पुरते. २४ मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/८ ठेवून सुमारे अडीच मीटरवर फोकस धरला, तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट मिळते. कासच्या पठारावर पुढची फुले आणि मागचा ढगाळ डोंगर एकाच चौकटीत हवे असतील तर हा हिशेब पाठ असावा. तिथे खरी अडचण वाऱ्याची असते. फूल डोलत असेल तर १/२५० च्या खाली उतरू नये आणि त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर बेलाशक वाढवावा.

आता मुख्य मुद्दा. अ‍ॅपर्चर आपण ठरवायचे आणि उजळपणा कॅमेऱ्याने गृहीत धरलेला राखाडी, तर हातात काय उरते? उरते ते एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे अधिक-उणे चिन्हाचे ते छोटे बटण किंवा चक्र. निकॉन आणि सोनीवर ए, कॅननवर एव्ही असा मोड लावला की छिद्र आपल्या हाती राहते आणि शटर कॅमेरा ठरवतो. मग समोरची वस्तू राखाडीपेक्षा उजळ आहे की गडद, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा. चौकटभर पांढरे सदरे असतील तर अधिक एक ते दीड स्टॉप. पांढरे, भगव्या पताका आणि हिरवी शेते मिसळलेली असतील तर अधिक अर्धा स्टॉपही पुरतो. कैलास लेण्याचा काळा दगड असेल तर उणे एक. काळ्या पैठणीतली नवरी असेल तर उणे दोन-तृतीयांश. हा प्रश्न दोन सेकंदांत सुटतो आणि डोळ्यांनी सुटतो, गणिताने नाही. म्हणून नवशिक्याला मी, छिद्र आणि शटर दोन्ही स्वतः ठरवायच्या, पूर्ण मॅन्युअलच्या आधी हा मोड सुचवतो.

यावर अनुभवी मंडळींचा आक्षेप ठरलेला आहे : खरा फोटोग्राफर मॅन्युअलवरच काम करतो, बाकी सगळे कॅमेऱ्याच्या दयेवर. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते जिथे आहे तिथेच मानावे. मॅन्युअलवर प्रकाशमापकाची सुई मध्यावर आणून फोटो काढणारा माणूस प्रत्यक्षात त्याच राखाडीच्या आधीन असतो, फक्त चक्र कॅमेऱ्याऐवजी तो स्वतः फिरवतो. निर्णय सुई मध्यावरून हलवण्यात आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनेच १९४१ साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ या गावाजवळ काढलेल्या चंद्रोदयाच्या छायाचित्राचे आहे. मावळतीचा प्रकाश दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवरून सरकत होता आणि प्रकाशमापक ऐन वेळी सापडेना. चंद्राचा तेजस्वीपणा दर चौरस फुटाला २५० कँडल असतो हे त्याला पाठ होते. ते तेज फोटोत किती उजळ उमटावे हे त्याने ठरवले. चंद्र पांढरा दिसावा पण त्याचा पृष्ठभाग जळू नये, म्हणजे मध्यम राखाडीच्या वर दोन पायऱ्या. त्यावरून पिवळा फिल्टर धरून एफ/३२ ला एक सेकंद असे गणित त्याने उभ्याउभ्या केले. दुसरा फोटो घेण्यापूर्वी क्रुसांवरचा प्रकाश गेला होता. त्या क्षणी त्याने मीटर वापरला नाही, पण मीटर ज्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही तो प्रश्न मात्र त्याने विचारला होता. मॅन्युअल मोड खरोखर गरजेचा असतो तो प्रकाश स्थिर आणि वस्तू बदलत्या असतात तेव्हा. रंगमंचावर एकाच दिव्याखाली आधी पांढऱ्या साडीतली, मग काळ्या शालूतली नटी आली, तर दोघींवरचा प्रकाश तोच असतो आणि सेटिंग बदलायचे कारण नसते. स्टुडिओत, फ्लॅशवर, पॅनोरमासाठी मॅन्युअलच. चालत्या दिंडीत, जिथे ढग क्षणाक्षणाला बदलतात, तिथे छिद्र आपले, शटर कॅमेऱ्याचे आणि अधिक-उणे आपले, ही विभागणी अधिक चांगली चालते.

याच अ‍ॅडम्सने फ्रेड आर्चरबरोबर उजळपणाच्या पायऱ्यांची जी पद्धत बांधली तिला झोन सिस्टिम म्हणतात. तिच्यात मध्यम राखाडी पाचव्या पायरीवर असतो आणि गोऱ्या युरोपीय त्वचेला सहावी पायरी दिलेली आहे, म्हणजे राखाडीहून एक स्टॉप उजळ. हे वाक्य पाश्चात्त्य पुस्तकांतून उचलून आपल्याकडचे अनेक शिकवणारे ‘चेहरा नेहमी एक स्टॉप वर’ असे सांगतात. अनेक मराठी चेहऱ्यांना ते लागू पडत नाही. सावळी त्वचा अ‍ॅडम्सच्याच कोष्टकात पाचव्या पायरीवर आहे. उन्हात राबलेल्या शेतकऱ्याचा चेहरा एक स्टॉप उजळ केला, तर तो गोरा दिसतो, स्वतःसारखा दिसत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीला उजळ करण्याची जी सवय लागली आहे ती याच चुकीची आणखी वाईट बहीण आहे. माणसाचा रंग जसा आहे तसा उमटवणे हा छायाचित्रकाराने माणसाला दिलेला मान आहे, आणि तो त्याने राखावा.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा. आजचे कॅमेरे चौकटीचे अनेक भाग करून मोजतात, चेहरा ओळखतात, आकाश ओळखतात. मग ही राखाडीची चिंता जुनी झाली नाही का? कमी झाली, जुनी झाली नाही. कॅमेरा चेहरा ओळखतो आणि त्याला ठराविक उजळपणा देतो, पण तो चेहरा मावळतीकडे पाठ करून उभा आहे आणि तुम्हाला त्याची काळी आकृतीच हवी आहे, हे तो ओळखत नाही. फोनबाबतही लोक असेच म्हणतात. बहुतेक फोनचे अ‍ॅपर्चर बदलतच नाही. सॅमसंगने २०१८ साली गॅलेक्सी एस९ मध्ये एफ/१.५ आणि एफ/२.४ असे दोन दिले होते, ते वेगळे. फोनच्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ सहा-सात मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून एफ/१.८ असूनही छिद्राचा व्यास चार मिलिमीटरच्या आतबाहेर आणि जवळपास सगळे स्पष्ट. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी गणिताने रंगवलेली असते. तिथे केसांच्या बटा, चष्म्याची कड, नथीचा आकडा चुकतात ते याचमुळे. पण उजळपणाचा निर्णय फोनवरही तुमचाच आहे. पडद्यावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचे चिन्ह येते, ते वर-खाली ओढा. पांढऱ्या सदऱ्याला वर, काळ्या दगडाला खाली. तत्त्व तेच.

तिसरा आक्षेप सर्वांत मोहक आहे : रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद, काढा, नंतर संगणकावर सगळे सुधारता येते. रॉ जरूर वापरावी. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४, त्यामुळे गडद भाग वर उचलायला भरपूर वाव मिळतो. पण जळलेला पांढरा परत येत नाही, कारण त्या पिक्सेलमध्ये नोंद पूर्ण भरून पुढची माहिती सांडलेली असते. सदऱ्याच्या सुरकुत्या गेल्या की गेल्या. आणि डेप्थ व हालचाल यांना तर संगणकावर खात्रीचा उपाय नाही. सोंडेवर पडलेला फोकस डोळ्यांवर आणता येत नाही, पसरलेले पाऊल गोठवता येत नाही. हर्नांडेझच्या निगेटिव्हवरही अ‍ॅडम्सला पुढे मेहनत करावी लागली, पुढचा गडद भाग फिका आला होता म्हणून त्याने तो रसायनाने दाट केला. चंद्र मात्र त्याने जागेवरच सांभाळला होता. क्रम हाच ठेवावा : परत मिळणार नाही ते आधी सांभाळा. त्यासाठी कॅमेऱ्यात हिस्टोग्राम, म्हणजे उजळपणाचा आलेख, आणि जळलेल्या भागाची लुकलुक चालू ठेवा. आलेखाची उजवीकडची टेकडी भिंतीला घासून उभी राहिली की पाव-अर्धा स्टॉप खाली या.

आयएसओविषयी जी भीती असते तिच्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. आयएसओ प्रकाश वाढवत नाही, मिळालेली नोंद मोठी करतो. रवाळपणा मुख्यतः कमी प्रकाशामुळे येतो. म्हणून आयएसओ ४०० वर अंधारा फोटो काढून संगणकावर उजळ करणे आणि ३२०० वर नीट काढणे, यांत पहिल्याने फारसे काही वाचत नाही, उलट अनेक कॅमेऱ्यांवर नुकसानच होते. अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. तिथे एफ/२.८, आयएसओ ३२०० आणि थरथरू न देता धरलेला हात, हाच मार्ग. मंगल कार्यालयात अंतरपाट दूर होतो तो क्षण परत येत नाही. अक्षता हवेत असताना १/२५० हवे, मग आयएसओ ६४०० झाला तरी चालेल. रवाळ फोटो छापता येतो, हललेला टाकून द्यावा लागतो. वारीच्या रिंगणात घोडा धावतो तेव्हा १/१००० च्या खाली जाऊ नका. ए मोडमध्ये ऑटो आयएसओची किमान शटर मर्यादा एकदा लावून ठेवली की या सगळ्याची अर्धी काळजी मिटते.

हे वाचून ठेवण्यापेक्षा आजच घरात करून पाहा. धुतलेला पांढरा टॉवेल दोरीवर टाका आणि चौकट त्याने पूर्ण भरा. ए मोड, एफ/५.६, कॉम्पेन्सेशन शून्य, एक फोटो. मग अधिक एक, मग अधिक दोन. त्याच उजेडात काळ्या छत्रीचे तीन फोटो काढा : शून्य, उणे एक, उणे दोन. सहाही फोटो शेजारी शेजारी लावा. शून्यावरचा टॉवेल आणि शून्यावरची छत्री जवळजवळ एकाच राखाडी रंगाची दिसतील. टॉवेल कुठल्या आकड्यावर पांढरा झाला आणि छत्री कुठल्या आकड्यावर काळी झाली, ते दोन आकडे कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. येत्या आषाढीला दिंडीसमोर उभे राहाल तेव्हा पहिला आकडा लागेल.